जामा बेतण्याआधी: लंडन आणि ॲमस्टरडॅमच्या ऑनलाइन संग्रहांची पारख

शिवकालीन म्हणून आपल्याकडे जो पोशाख शिवला जातो, त्याचा नमुना बहुतेक वेळा ड्रेपरीत टांगलेला मागच्या हंगामातला पोशाख असतो, आणि त्याचा नमुना त्याच्या मागच्या हंगामातला. असे चार-पाच हात मागे गेले की कुठल्याशा नाटकाचा कपडेपट लागतो आणि शोध तिथेच थांबतो. म्हणून जाम्याच्या, म्हणजे छातीवर आडवा येऊन बगलेत बांधायच्या घेरदार अंगरख्याच्या, पाठीला चेन असते, छातीवर मधोमध बटणपट्टी असते आणि घेर छत्रीच्या कापडासारखा ताठ उभा राहतो. ही साखळी तोडायची तर मूळ वस्तू आणि मूळ चित्रे पाहायला हवीत. ती आता घरबसल्या, फुकट पाहता येतात.

प्रश्न एवढाच, की त्यातून प्रत्यक्ष कापडाला कात्री लावण्याइतकी माहिती हाती लागते का. त्यासाठी दोन सेवा तपासल्या: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा (सगळे त्याला व्ही अँड ए म्हणतात) ऑनलाइन संग्रह आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचा. कसोटी एकच ठेवली: सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला दख्खनी जामा. निकाल आधीच सांगतो. कापड आणि टाका समजून घ्यायला लंडन, तो अंगावर कसा पडायचा हे पाहायला ॲमस्टरडॅम. बेतणी मात्र दोघांकडेही नाही, ती गणिताने काढावी लागते.

पहिली ठेच शोधाच्या चौकटीतच लागते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत शिवकाळ 'मध्ययुगीन' असतो. युरोपीय संग्रहालयांच्या हिशेबात मध्ययुग साधारण १५०० च्या आसपास संपते. त्यामुळे तिथे 'मेडिव्हल' टाकले की पाद्र्यांचे झगे आणि काचचित्रे समोर येतात. काळ शब्दाने न मागता सालाने मागावा, म्हणजे १६०० ते १७००, आणि ठिकाण भारत. दुसरी ठेच वस्तूच्या नावाची. नोंद करणाऱ्याने जाम्याला प्रत्येक वेळी जामा म्हटलेले असेलच असे नाही. रोब, कोट, गाऊन, टेलरने कधी ऐकलेही नसेल असे काहीही असू शकते. तेव्हा जामा, रोब आणि मॅन्स कोट असे तिन्ही शोध वेगवेगळे घ्यावेत. नुसत्या 'जामा'वर थांबणाऱ्याच्या हातून चांगल्या वस्तू निसटतात.

व्ही अँड ए च्या संग्रहात बारा लाखांहून अधिक नोंदी आहेत. सगळ्यांना फोटो नाही, सगळ्या सारख्या तपशिलाच्याही नाहीत. पण जिथे नोंद नीट भरलेली आहे तिथे ती इतकी कामाची असते की फोटोआधी तीच वाचावी. साहित्य आणि तंत्र, मापे, ठिकाण, अंदाजे काळ, वस्तू संग्रहात कशी आली, असे रकाने असतात. सगळ्यात उपयोगी रकाना म्हणजे नोंदणी क्रमांक, आणि सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो तोही तोच. उदाहरणार्थ आयएस.१८-१९४७. यातले आयएस म्हणजे भारतीय विभाग आणि १९४७ हे वस्तू संग्रहात आल्याचे साल. कपडा १९४७ चा नाही. तो जहांगीरच्या काळातला, सुमारे १६२० ते १६३० चा शिकारी कोट आहे. याच संग्रहातला टिपूचा वाघ २५४५(आयएस) या क्रमांकाने नोंदलेला आहे. शेवटी कंसात आयएस असले की वस्तू बहुधा ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या इंडिया म्युझियममधून आलेली असते. तो संग्रह १८७९ मध्ये वाटून दिला गेला. म्हणजे वस्तू त्याआधीची हे पक्के, पण किती आधीची हे त्या क्रमांकावरून कळत नाही. त्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातले कापडही भरपूर जमा झाले होते. तिथला एखादा मलमलीचा जामा शिवकालीन समजून उचलला की दीडशे-दोनशे वर्षांची चूक होते, आणि जाम्याच्या बाबतीत ती लगेच दिसते, कारण मधल्या काळात कंबरेची शिवण वर सरकत बगलेखाली गेली.

त्या शिकारी कोटावर थोडे थांबायला हवे, कारण ही सेवा कशी वापरावी आणि कशी वापरू नये, दोन्ही त्यातून कळते. पांढऱ्या सॅटिनवर रेशमाने भरलेले बारीक साखळी टाक्याचे काम. झाडे, फुले, प्राणी, पक्षी. फोटो मोठा करत गेले की टाका वळणावर कसा वळतो, फुलाची एक पाकळी भरताना रंगाची छटा कुठे बदलते, हे दिसते. हा कारागिराला दाखवायचा फोटो आहे. आपल्याकडे आरीचे काम करणाऱ्याला साखळी टाका नव्याने शिकवावा लागत नाही. त्याला फक्त सांगावे लागते की टाका लहान हवा, रांगा एकमेकींना चिकटून हव्यात, आणि मण्या-टिकल्या नकोत. मोजपट्टीचा तुकडा शेजारी ठेवून एक चौरस इंच नमुना आधी भरून घ्यावा. पूर्ण काम सांगून मग सुधारणा सांगितल्या तर उसवणीचे पैसेही आपणच देतो.

आणि आता कसा वापरू नये. नोंदीत सॅटिन लिहिले आहे म्हणून बाजारातून साटन आणले जाते. नोंदीतले सॅटिन हे विणीचे नाव आहे, आणि ते कापड रेशमी आहे. दुकानात साटन म्हणून मिळते ते बहुतेक पॉलिएस्टर. त्याची चमक सगळीकडे सारखी असते, घडी पडत नाही, आणि रंगमंचाच्या दिव्याखाली ते प्लास्टिकसारखे लकाकते. रेशीम परवडत नसेल तर साटनच्या मागे न लागता बारीक सुती कापडाकडे वळावे. सतराव्या शतकातल्या चित्रांत जामा बऱ्याचदा पातळ, पांढरा, आतली तुमान दिसेल असा पारदर्शक असतो. म्हणजे सुती मलमल ही तडजोड ठरत नाही, तीच जास्त खरी आहे. ८० किंवा १०० काउंटची (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) मलमल धुऊन, खळ काढून वापरली तर घेर अंगाबरोबर पडतो. न धुता शिवली तर पहिल्या धुलाईत लांबी दोन-तीन इंच आटते आणि अस्तर खालून डोकावते.

मापांच्या बाबतीत व्ही अँड ए हात थोडा आखडता घेते. बहुतेक कपड्यांना एकूण लांबी आणि रुंदी एवढेच असते. बाहीची मोहरी (मनगटाकडचे तोंड), गळ्याची खोली, कळ्यांची (घेराच्या वर अरुंद, खाली रुंद तुकड्यांची) संख्या, यातले काही नाही. पण एक माप दिले असले की बाकीची फोटोवरून काढता येतात. समजा, नोंदीत लांबी १३० सेंमी आहे आणि फोटोत खांद्यापासून घेराच्या काठापर्यंत २६०० पिक्सेल भरतात. म्हणजे एका सेंमीला २० पिक्सेल. बाहीची मोहरी २३० पिक्सेल दिसते, तर ती सपाट ११.५ सेंमी, पूर्ण गोल २३ सेंमी, म्हणजे ९ इंच. अंगठा आत दुमडून हात जेमतेम जाईल इतकी. हे माप विश्वासार्ह वाटते, कारण जाम्याच्या बाहीची गंमतच तिच्या तंगपणात आहे. बाही हातापेक्षा ८ ते १२ इंच लांब बेततात आणि ती मनगटावर ढकलून चुण्या पाडतात. मोहरी ११ इंच ठेवली तर चुण्या थांबतच नाहीत, घसरून तळहातावर येतात. मग कुणीतरी मनगटाला इलॅस्टिक घालतो.

ही पिक्सेलची युक्ती दोन ठिकाणी फसते. कपडा आडव्या दांडीवर टांगून फोटो काढला असेल तर बाह्या तिरक्या लोंबतात आणि लांबी कमी भरते. पुतळ्यावर घातला असेल तर घेराची अर्धी रुंदी पाठीमागे वळलेली असते. म्हणून नोंदीतले दुसरे माप, म्हणजे रुंदी, त्याच पट्टीने ताडून पाहावे. तफावत पाच टक्क्यांपेक्षा जास्त निघाली तर त्या फोटोवरून फक्त प्रमाण घ्यावे, मापे घेऊ नयेत.

चित्रांचा प्रश्न वेगळा. व्ही अँड ए कडे अकबरनाम्याची ११६ चित्रे आहेत, सुमारे १५९० ते १५९५ ची, १८९६ मध्ये विकत घेतलेली. शेकडो माणसे, शिपाई, हमाल, बांधकामावरचे मजूर, सगळे कपड्यांसह. मोह होणारच. पण त्यात जागोजागी दिसणारा टोकाटोकांच्या घेराचा चाकदार जामा अकबराच्या काळातला आहे. पुढे गोल घेर रूढ झाला. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरी या ग्रंथात तकौचियाबद्दल, म्हणजे जाम्यासारख्याच बिनअस्तराच्या अंगरख्याबद्दल, हेच लिहिले आहे: पूर्वी घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत, बादशहाने गोल घेर आणि उजवीकडे बांधणी सुरू केली. अफझलखानाच्या वधाच्या प्रवेशात चाकदार जामा दिसला की वेशभूषाकाराने अकबरनामा पाहिला, पण साल पाहिले नाही, हे समजावे. चित्रे सुंदर आहेत, आणि बांधकाम, स्वयंपाक, छावणी यांच्या तपशिलासाठी पाहावीतच. जाम्याच्या रेषेसाठी मात्र शंभर वर्षे पुढे यावे लागते.

तिथे राइक्सम्युझियम उपयोगी पडते. ॲमस्टरडॅमचा महापौर आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभारी निकोलास विटसेन याच्या नावाने ओळखला जाणारा एक चित्रसंग्रह तिथे आहे, क्रमांक आरपी-टी-००-३१८६. सुमारे १६८६ च्या सुमाराची, गोवळकोंड्याची ४९ लघुचित्रे. मोगल, दख्खनी सुलतान, सरदार, आणि त्यांत शिवाजी महाराज. क्रमांक टाकून शोधले की सगळा संच एकत्र मिळतो. नावाने शोधायला गेले तर स्पेलिंगच्या जंगलात फिरावे लागते. चित्र मोठ्या आकारात उतरवून घेता येते, आणि त्यावर कसलेही बंधन नाही. नाटकाच्या जाहिरातीत छापा, नेपथ्यात वापरा, विका. व्ही अँड ए इथे मागे पडते. तिथली चित्रे अव्यावसायिक कामापुरतीच मोकळी आहेत. तिकीट लावलेल्या प्रयोगाच्या पत्रकावर चित्र छापायचे असेल तर परवाना घ्यावा लागतो. नुसते पाहून शिवायला अर्थातच काही अडत नाही. (न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनेही फेब्रुवारी २०१७ पासून जुन्या वस्तूंचे फोटो असेच मोकळे केले. तिथला खसखशीच्या फुलांचा सुती जामा छापाच्या कामासाठी जरूर पाहावा.)

विटसेन संचातली चित्रे बाजारासाठी केलेली आहेत, युरोपीय गिऱ्हाइकासाठी. महाराजांचे निधन १६८० चे, संच त्यानंतरचा. म्हणजे समोर बसवून काढलेले चित्र म्हणून ते वापरता येत नाही. तरी कपड्यासाठी त्याची किंमत मोठी आहे, कारण चितारी त्याच काळात, त्याच मुलखात बसलेला होता. एक पद्धत पाळावी. एकच चित्र घेऊन बसू नये, संचातली आठ-दहा शेजारी शेजारी लावावीत. जी गोष्ट सगळ्यांत हुबेहूब तीच आहे, ती चितारशाळेची सवय. जी माणसागणिक बदलते, म्हणजे पागोट्याची बांधणी, शेल्याचा काठ, शस्त्र, तिथे चिताऱ्याने काहीतरी पाहून किंवा ऐकून काढलेले असण्याची शक्यता जास्त. पोशाखाचा आराखडा पहिल्या गोष्टींवरून करावा, पात्राची ओळख दुसऱ्यांवरून.

आता बंद (जामा बांधायच्या नाड्या) कुठल्या बगलेत, हा सनातन वाद. त्या काळातली रीत अशी, की हिंदू जामा डाव्या बगलेत बांधत आणि मुसलमान उजव्या. डावी म्हणजे घालणाऱ्याची डावी, बघणाऱ्याची नव्हे. एवढे साधे असून निम्मे पोशाख चुकतात, आणि त्याला कारण इंटरनेटवरची उलटी चित्रे. कुणीतरी मांडणीसाठी चित्र आरशासारखे उलटवतो, ते पुढे फिरत राहते. संग्रहालयाच्या मूळ नोंदीवरून खात्री करता येते, हा या सेवांचा मोठा फायदा. जुन्या युरोपीय ग्रंथांतल्या, तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या छापांत ही अडचण तर मुळातच असते. तांब्यावर चित्र सरळ कोरले की कागदावर उलटे उमटते, मग तलवार डाव्या हातात जाते आणि बंद दुसऱ्या बगलेत. छापील चित्र आणि रंगीत लघुचित्र यांत विरोध दिसला तर लघुचित्र धरावे. आणि एका बाजूला तोंड केलेल्या माणसाचे बंद पलीकडच्या बगलेत असतील तर ते चित्रात दिसणारच नाहीत. दिसत नाहीत म्हणून बंद नाहीत असे धरून बटणे लावू नयेत.

आता बेतणीकडे. फोटोत आणि चित्रात घेर दिसतो, पण तो कशाने झाला हे दिसत नाही. काही जाम्यांत कळ्या असतात, काहींत कंबरेला चुण्या घातलेल्या असतात. फोटो पुरेसा मोठा करून घेरावर वरून खाली जाणाऱ्या शिवणी शोधाव्यात. खाली जाताना शिवणींमधले अंतर वाढत गेले तर कळ्या, सारखेच राहिले आणि कंबरेला कापड बारीक गोळा केलेले दिसले तर चुण्या. कळ्यांचे गणित असे.

छातीपट्टा ३८ इंच धरला तर जाम्याची पुढची बाजू दुसऱ्या बगलेपर्यंत पूर्ण ओलांडून जाते, म्हणजे साधारण १६ इंच जास्त. कंबरेच्या शिवणीवर एकूण ५४ इंच. हा ओलांडा विसरून ३८ इंचाचाच घेर जोडला की पुढून चालताना मांडी उघडी पडते. हे फार वेळा होते. घेराची तयार लांबी ३६ इंच, माया (शिवणीत जाणारे जास्तीचे कापड) आणि तळदुमड धरून ३८. एका कळीला वर ५ इंच, त्यातली दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच माया जाऊन ४ उरतात. चौदा कळ्यांचे ५६ होतात. जास्तीचे २ इंच कंबरेला हलके गोळा करून बसवायचे.

३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात ३८ इंच लांबीचा एक तुकडा घेऊन तिरका कापला तर दोन कळ्या निघतात, वर ५ आणि खाली ३१. एक उलटी फिरवायची, तुकडा वाया जात नाही. चौदा कळ्यांना सात तुकडे, २६६ इंच, म्हणजे पावणेसात मीटर. खालचा घेर माया जाऊन ४२० इंच, १०.७ मीटर. ४४ पन्ह्यात एका तुकड्यात चार कळ्या बसतात, वर ५ आणि खाली १७. चार तुकडे पुरतात, म्हणजे जेमतेम ३.९ मीटर कापड, पण घेर २२४ इंचांवर, ५.७ मीटरवर येतो. दुरून बघणाऱ्याला दुसरा पुरतो. गिरकी घ्यायची असेल, घोड्यावर बसायचे असेल, तर पहिला.

आईन-ए-अकबरीत तकौचियाला सात गज सात गिरह (गिरह म्हणजे गजाचा सोळावा भाग) कापड सांगितले आहे, शिवाय पाच गिरह किनारीच्या पट्टीचे. इलाही गज सुमारे ८३ सेंमी धरला तर हे ६.२ मीटरच्या आत-बाहेर येते, धड आणि बाह्या धरून. पहिल्या हिशेबात नुसता घेरच पावणेसात मीटर खातो. तेव्हा अकबरी काळाचा पोशाख करायचा असेल तर लांबी गुडघ्याखाली थोडीच ठेवावी आणि घेर आवरता घ्यावा. पायघोळ, भरगच्च घेर ही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाची गोष्ट.

तिरक्या कापण्यात दोन धोके आहेत. पहिला कळीच्या टोकाचा. कळीची एक कड सरळ धाग्यावर असते, ३८ इंच. दुसरी तिरकी, आणि ती लांब भरते. ४४ पन्ह्याच्या कळीत सुमारे ४० इंच, ३६ पन्ह्याच्या रुंद कळीत तब्बल ४६. रुंद कळ्या जोडून झाल्या की प्रत्येक शिवणीला आठ इंचाचे टोक खाली लोंबते. ते कापायचेच आहे, पण लगेच नाही. तिरक्या कडेचे कापड स्वतःच्या वजनाने आणखी उतरते. घेर कंबरेला जोडून किमान एक दिवस आणि एक रात्र टांगून ठेवावा, मग जमिनीपासून पट्टीने सारखे अंतर घेत खडूने खूण करावी आणि काठ गोल कापावा. आधी दुमडून टीप मारली तर आठवड्याभरात काठ लाटेसारखा होतो. शिवताना एकीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला जोडावी, तिरकी बाजू खाली, मशिनच्या दातांकडे. कापड दुमडून एकदम कापलेल्या कळ्या एकमेकींच्या आरशातल्या निघतात, तेव्हा सरळ-तिरके जुळत नाही. साध्या मलमलीला उलट-सुलट नसते म्हणून निभावते.

दुसरा धोका छापील कापडाचा. एक कळी उलटी फिरवल्यामुळे चौदातल्या सात कळ्यांवरची फुले डोके खाली करून उभी राहतात. एका दिशेची बुट्टी असेल तर कळ्यांऐवजी चुण्यांचा घेर घ्यावा, किंवा कापड वाया जाईल हे मान्य करून सगळ्या कळ्या एकाच दिशेने काढाव्यात.

बगलेत चौबगला घालायला विसरू नये. साडेतीन-चार इंचांचा चौकोन, कोपऱ्यावर उभा. तो नसला तर तंग बाहीत हात खांद्यावर जात नाही आणि पहिल्याच तलवारबाजीत शिवण उसवते. संग्रहालयाच्या फोटोत हा चौकोन सापडणे कठीण, कारण बाही खाली पडलेली असते. आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून त्यात पात्राला तलवार उपसायला, वाकायला, मांडी घालून बसायला लावावे. मलमलीला कात्री त्यानंतर.

रंगाबद्दल थोडक्यात. लघुचित्रातला रंग हा कागदावरच्या रंगद्रव्याचा आहे, कापडावरच्या रंगाचा नाही. पडद्यावर तो आणखी बदलतो. पडद्याला रंग जुळवत बसण्यापेक्षा नीळ, मंजिष्ठ, हळद यांच्यातून जे निघते त्या घरात राहावे. पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ चा. त्या जातीचा भडक जांभळा किंवा राणी रंग मावळ्यांच्या अंगावर नको.

कपड्याची आतली बाजू, म्हणजे शिवणीची माया, जोड, अस्तराची पट्टी, पाहायची असेल तर ऑनलाइन नोंद संपते आणि व्ही अँड ए चीच दुसरी सेवा सुरू होते. पूर्व लंडनमध्ये क्वीन एलिझाबेथ ऑलिम्पिक पार्कात ३१ मे २०२५ ला त्यांचे स्टोअरहाउस उघडले. तिथे 'ऑर्डर ॲन ऑब्जेक्ट' म्हणून सोय आहे: एका भेटीत पाच वस्तूंपर्यंत मागवा, किमान दोन आठवडे आधी नोंदवा, पैसे लागत नाहीत. संशोधक असल्याचा पुरावा लागत नाही, ही यातली सर्वात मोठी गोष्ट. लंडनमध्ये राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला पाठवणार असाल तर क्रमांकांबरोबर प्रश्नही लिहून द्या. कळ्या किती, वरची आणि खालची रुंदी, बाहीत जोड आहे का आणि कुठे, चौबगल्याची बाजू, आतला बंद कुठल्या शिवणीत अडकवला आहे, तळदुमड किती रुंद, टाके एका इंचात किती. 'जरा फोटो काढून आण' म्हटले तर समोरून काढलेला एक सुंदर फोटो येतो, जो वेबसाइटवर आधीच आहे.

लंडन लांब वाटत असेल तर अहमदाबादचे कॅलिको म्युझियम जवळ आहे. वस्त्रांसाठी देशातले सर्वोत्तम. पण तिथे आधी नाव नोंदवल्याशिवाय प्रवेश नाही आणि फोटो काढायला बंदी आहे. वही, पेन्सिल आणि डोळ्यांचा अंदाज यांवर भिस्त. वीत आणि बोटांची मापे आधी घरी सेंमीत मोजून ठेवावीत.

शेवटी नोंदवहीचे. उतरवलेल्या प्रत्येक चित्राच्या फाइलला नोंदणी क्रमांक हेच नाव द्यावे, आणि वहीत त्यापुढे साल, ठिकाण आणि त्या चित्रावरून आपण नेमके काय घेतले ते एका ओळीत लिहावे: 'बाहीच्या चुण्या', 'शेल्याची गाठ', 'फक्त काठाची नक्षी'. जुन्या कापडांची आणि कपड्यांची मराठी नावे अडली तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो. दिग्दर्शकाने तालमीत 'हे असेच होते कशावरून?' विचारले की वही उघडून क्रमांक दाखवता येतो. 'फक्त काठाची नक्षी' लिहिलेल्या चित्रावरून कुणी पूर्ण जामा मागितला, तर नाहीही म्हणता येते.